अर्धा कोयता

दसरा उरकला की खडकवस्तीवर एकच बोलणं असतं: यंदा कुणाच्या घरचे किती कोयते निघणार. कोयता म्हणजे तिथं नुसतं हत्यार नव्हे. नवरा ऊस तोडतो, बायको शेंड्याचं हिरवं वाढं छाटून मोळी बांधते आणि डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेते. असं जोडपं मिळून एक कोयता होतो. एकटा माणूस कितीही दांडगा असला तरी मुकादमाच्या लेखी तो अर्धाच.

अजिनाथ आणि मंजुषा लग्न झालं त्याच वर्षापासून एक कोयता होते. वडवणीच्या त्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी त्यांची वस्ती. दिवाळीच्या आधी घराला कुलूप घालायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचं, ही त्यांची सवय. फडात दोघांचं असं जमायचं की अजिनाथनं तोडलेला ऊस भुईला टेकायच्या आत मंजुषाचा हात त्याला लागलेला असे. बोलावं लागत नसे. टोळीतल्या बायका तिला चिडवायच्या, "मंजे, तुमचं काय ऊस तोडणं हाय का झिम्मा?"

आता तो जोडीचा झिम्मा थांबल्याला तीन वर्षं होत आली होती. त्या दसऱ्याला धोंडीराम मुकादम अंगणात येऊन बसला, बशीतला चहा फुंकला आणि अजिनाथकडं न बघताच म्हणाला, "दोन साल तू घरी ऱ्हायलास, आमी काय बोललो न्हाई. पर यंदा आर्ध्या कोयत्याला मी कुठं जागा देऊ, सांग बरं."

दाराशी मंजुषा गहू निवडत बसली होती. धोंडीराम मग जरा पुढं सरकला. "आपली वर्षाराणी हाय की, वत्सलाबाईची सून. दादला गेल्यापासून ती बी आर्धीच. तुमी दोघं मिळून एक कोयता लावा. कामापुरतं, बाबा. कोपी तिची येगळी, सासू संगं हाय तिच्या. आन लांब बी न्हाई, माजलगावच्या आल्याडच हाय फड."

अजिनाथनं मंजुषाकडं बघितलं. ती काय म्हणते यावर सगळं अडलं होतं, आणि हे तिघांनाही कळत होतं.

"जावा की," मंजुषा म्हणाली. "कामच हाय ते."

म्हणाली खरी, पण सुपातला निवडलेला गहू तिनं न निवडलेल्यात ओतला.

*

ते दुखणं फडातच सापडलं होतं. पाचटाच्या झोपडीच्या, कोपीच्या मागं, चार बांबूंना साडी गुंडाळून केलेल्या न्हाणीत अंग धुताना डाव्या छातीत गाठ लागली. मोळीचा मार बसला असेल म्हणून तिनं हळद लावली. महिन्याभरात गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा अजिनाथला सांगितलं. त्यानं कोयता धोंडीरामच्या पुढ्यात टाकला आणि तिला घेऊन तसाच बीड, तिथून संभाजीनगरचा सरकारी दवाखाना गाठला. मग किमो झाली, केस गेले. ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली. शेवटी किरणांचा शेक दिला, तेव्हा चामडी भाकरीच्या पापुद्र्यासारखी काळी पडली. तीस वर्षांची होती ती तेव्हा.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं तिच्याच बरोबरीच्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. "बऱ्याच बायकांच्या गाठीला बाहेरून तीनपैकी एखादं तरी कुलूप असतं. त्या कुलपाला लागणाऱ्या गोळ्या आमच्याकडं आहेत. पाच-पाच, दहा-दहा वर्षं त्या घ्यायच्या. तुझ्या गाठीला तिन्ही कुलपं नव्हती. म्हणून तुला रोजची गोळी नाही."

"मंग मी काय करायचं?" मंजुषानं विचारलं होतं.

"तपासणीला यायचं. हा आजार परत आलाच तर बहुतेक करून पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. पाच वर्षं सुखरूप गेली की भीती खूप कमी होते. तोवर सारखे फोटो काढून उपयोग नाही, तुझं अंगच आपल्याला सांगेल. दोन आठवड्यांवर टिकलेलं हाडाचं दुखणं, खोकला, डोकं दुखणं, उगाच वजन उतरणं, यातलं काही झालं तर तारखेची वाट बघायची नाही. उठायचं आणि यायचं."

तिचं रक्तही तपासायला मुंबईला गेलं होतं. दोष जन्मापासूनचा नाही, आईकडून लेकीकडं जाणारा नाही, असं कळलं तेव्हा मंजुषा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. तिची लेक शिवकन्या तेव्हा तिसरीत होती.

पण गोळी नाही, ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली. तपासणीच्या रांगेतल्या दुसऱ्या बायका पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढायच्या, कुणाला घाम येतो, कुणाचे सांधे धरतात अशी गाऱ्हाणी करायच्या. मंजुषाला त्यांचा हेवा वाटायचा. रोज सकाळी काहीतरी गिळलं की आपण आजाराला दारातून हाकललं असं तरी वाटत असेल. आपल्याला नुसतं बसायचं. राखणदार नाही, कुत्रं नाही, दार उघडं, आणि आपण ओसरीवर.

आणि अजिनाथ बदलला. वाईट नाही, उलट लईच चांगला झाला. घागर उचलू देत नव्हता. तिचा डावा हात सुजायचा म्हणून धुणंही स्वतः पिळायचा. पण रात्री अंथरूण हातभर लांब घालायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, जखम ओली आहे म्हणून. जखम वाळली, कातडी मऊ झाली, केस पुन्हा खांद्यापर्यंत आले, तरी ते हातभर अंतर तसंच राहिलं. काचेच्या बरणीला जपावं तसं तो तिला जपत होता. पूर्वी फडातून येताना मागून तिच्या डोक्यावरची ओली चुंबळ ओढून पळणारा माणूस तो. तिला बरणी व्हायचं नव्हतं.

*

टोळी गेली. वस्ती रिकामी झाली. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, कोंबड्या आणि मंजुषा. सासू विमलबाई गुडघ्यांनी अधू, पण जीभ धडधाकट. "जाऊ दे गं, कष्ट तरी सुटले तुझे," असं ती दिवसातून एकदा म्हणायची.

सुटले होते खरे. पहाटेच्या काळोखात उठणं, हातापायांना पाचट कापणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं, यातलं काही उरलं नव्हतं. मग हे काय होतं, जे तिला पहाटे बरोबर त्याच वेळी जागं करायचं? थंडीत ती पडल्या जागी कान द्यायची. पाचटाची सळसळ, कुणाचं तरी खोकणं, पहिला ऊस तुटल्याचा तो आवाज. मग ध्यानात यायचं, आपण घरात आहोत. त्याच घटकेला तिकडं, माजलगावच्या अलीकडं, अजिनाथ ऊस तोडत असेल आणि त्याच्या ओळीमागून कुणीतरी दुसरीच वाकून चालत असेल.

संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलीस का?"

"जेवले."

"हात सुजला का?"

"न्हाई."

"शिवी अभ्यास करती का?"

"करती."

तिला विचारायचं असे, तुमी जेवलाव का, कालवण कोण करतंय, अंगावर पांघरूण पुरतंय का, आमची आठवण येती का. त्यातलं ती काहीच विचारत नसे. "ठेवू का?" तो म्हणे. ती म्हणे, "ठेवा."

मार्गशीर्षातल्या तपासणीला ती शेजारच्या ताराबाईंना सोबत घेऊन गेली. रांगेत छबुबाई दिसली नाही. छबुबाई लिंबागणेशची. दोघींचं दुखणं एकाच जातीचं, तारखाही बहुतेक एकच. त्यामुळं गेली अडीच वर्षं दर खेपेला दोघी बाकड्यावर शेजारी बसून एकाच डब्यातलं खायच्या. छबुबाई म्हणायची, "आपण बिनकुलपाच्या बाया, मंजे. चोर आला तर आरडायचं तेवढं आपल्या हातात." मंजुषानं तिथूनच फोन लावला. तिच्या मुलानं उचलला. म्हणाला, आईला दिवाळीच्या आधीपासून खोकला होता, सणासुदीत कुठं दवाखाना म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. फुप्फुसात उतरलं होतं. गेली.

डॉक्टरबाईंनी मंजुषाला तपासलं. मान, काखा, दुसरी बाजू, पोट. "सगळं छान आहे," म्हणाल्या. मंजुषानं छबुबाईचं नाव काढलं, तशा त्या बराच वेळ हात धूत राहिल्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मंजुषाची पाठ दुखायला लागली. उजव्या बाजूला, फासळीच्या खाली. आधी नुसती ठणक, मग वाकलं की कळ, मग कूस बदलली तरी कळ. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसरा लागला. बाईंनी सांगितलेलं तिला पाठ होतं, पण ती उठली नाही.

का उठली नाही, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. न सांगता मेलेल्या छबुबाईचा तिला रागही येत होता, आणि ती स्वतः तेच करत होती. सांगितलं तर अजिनाथ लगेच येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोयता टाकून येईल. पण तो तिच्या दुखण्यासाठी येईल. तिच्यासाठी म्हणून तो शेवटी कधी आला होता, ते तिला आठवत नव्हतं.

आणि त्या दुखण्याबरोबर एक विचार आला. शिवकन्येची वेणी घालताना आला. आपलं परत आलं असेल, तर या पोरीची वेणी पुढं कोण घालेल? सासूबाई किती दिवस पुरतील? आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरं नाव आलं. वर्षाराणी. तरणी आहे, एकटी आहे, मूलबाळ नाही. दिवाळीपासून त्याच्या बरोबरीनं राबतेय. लोक काय, मुकादमच उद्या म्हणेल. आणि वावगं ते काय?

या विचारानं तिच्या काळजाला डागणी बसली. पण तो जाईना. मग तिनं ठरवलं, जाऊन बघून यायचं, बाई कशी आहे ती. पोरीला जीव लावील का नाही.

"कावून चाललीस गं एवढ्या तातडीनं?" विमलबाईंनी विचारलं.

"तिळगूळ देऊन येते, आत्या. संक्रांत झाली तरी त्यांच्या तोंडात पडला न्हाई."

*

तेलगाववरून माजलगावची एसटी मिळाली. जशी गाडी पुढं जाईल तसा दोन्हीकडं ऊस दाट होत गेला. धरणाच्या पाण्यावरचा ऊस, तिच्या डोक्यापेक्षा उंच. उघड्या खिडकीतून तो आंबट-गोड, जरा कुजका वास आत आला आणि मंजुषानं तोंड खिडकीशी नेलं. या वासाची आपल्याला इतकी भूक लागली होती?

फाट्यावर उतरून ती कॅनॉलच्या कडेनं चालत गेली. दुपार टळत आली होती. टोळीतल्या बायकांनी तिला लांबूनच ओळखलं, हाका मारल्या. फडाच्या त्या टोकाला अजिनाथ पाठमोरा तोडत होता. त्याच्यामागं हिरव्या साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, डोक्याला फडकं गुंडाळलेली एक हडकुळी बाई मोळी आवळत होती.

मंजुषा बांधावर बसली आणि बघत राहिली. दोघं बोलत नव्हते. पण हे न बोलणं निराळं होतं. अजिनाथ तोडून पुढं सरके, ऊस पसरून पडे, आणि ती बाई मागून सावकाश तो गोळा करत येई. मधे बरंच अंतर. तो एकदाही मागं वळून बघत नव्हता. ऊस तोडायला लागल्यापासून मंजुषाला त्याची पाठ अशी कधी दिसलीच नव्हती, कारण ती कायम त्या पाठीला चिकटून असायची. केवढा वाकला होता तो. मानेवरचे केस पांढरे झाले होते.

तो वळला, तिला बघितलं आणि पळतच आला. "काय झालं? शिवी बरी हाय ना? तुला काय झालंय?"

"काय न्हाई. तिळगूळ आणलाय."

त्यानं डबीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. ट्रॅक्टर भरायचा राहिला होता. "कोपीत बस. आलोच मी," म्हणून तो गेला.

वत्सलाबाई आपल्या कोपीशी चुलीपुढं होती. तिच्या पलीकडं अजिनाथची कोपी, जरा लांबच, आणि मधे बैलांची दावण. मंजुषानं ते सगळं एका नजरेत टिपलं आणि टिपल्याची तिची तिलाच लाज वाटली.

दिवस कलला तेव्हा वर्षाराणी डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन आली. भारा टाकला, तोंडावर पाणी मारलं आणि मंजुषाच्या समोर येऊन बसली. जवळून बघितलं तर ती अगदीच पोरगी होती. पंचवीसही नसेल.

"वहिनी, बरं झालं आलात," ती म्हणाली. "भाऊ तुमच्यामुळं मला दिवसाला चार वेळा बोल लावत्यात."

"माझ्यामुळं?"

"मोळी सैल बांधली की म्हणत्यात, मंजुषाची मोळी दगडावानी घट्ट असती. वाढं आखूड छाटलं की म्हणत्यात, मंजुषा असं छाटत न्हाई. आमच्या आत्या म्हणत्यात, ह्येला बायकू सोडून दुसरं सुचतं का न्हाई." ती हसली, मग हसू ओसरलं. "मला काय वाटत न्हाई म्हना. आमचं मालक असंच बोलायचे मला. त्यांच्यासंगं माझी मोळी काय वाईट नव्हती."

तिनं हात पुढं केला. मंजुषानं तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. ठेवायला म्हणून ती पुढं वाकली आणि पाठीत अशी कळ निघाली की तिचा श्वास अडकला, डबी हातातून सुटून मातीत पडली.

वर्षाराणीनं आधी तिळगूळ उचलला नाही. तिच्या तोंडाकडं बघितलं. "किती दिवसांपासून?"

"काय न्हाई गं, बसून बसून—"

"वहिनी, माझ्या मालकाच्या छातीत दुखत होतं. मला म्हणले, कुणाला सांगू नकू, पट्टा पडून हंगाम सरला की जाऊ दवाखान्यात. मी न्हाई सांगितलं." तिचा आवाज सपाट होता. "लोक म्हणत्यात गाडीवरून पडून गेला. गाडीवर असतानाच छाती धरली व्हती त्यांनी. आता मी गप बसणार न्हाई. ओरडा मला पाहिजे तेवढं."

आणि मंजुषानं पदर धरायच्या आत ती उठून फडाकडं चालायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं निघाले. धोंडीरामनं आडकाठी केली नाही. उलट त्यानं आपल्या मोटारसायकलवर त्यांना फाट्यापर्यंत एकेक करून सोडलं. बीडला संभाजीनगरची गाडी धरली. गेवराईच्या पुढं अजिनाथ म्हणाला, "तीन आठवडे?"

"व्हय."

"आन मी रोज फोन करत व्हतो."

मंजुषानं खिडकीबाहेर बघितलं.

डॉक्टरबाईंनी पाठीवर बोटं दाबून बघितली, कुठं दुखतं, किती दुखतं, रात्री झोपेतून उठवतं का विचारलं. रागावल्या नाहीत. त्यांचं न रागावणंच मंजुषाला लागलं. "हाडांचा स्कॅन करू," त्या म्हणाल्या. "सुईतून औषध देतील, ते हाडांत पसरायला काही तास लागतील. तोवर पाणी पीत बसायचं."

ते दोघं दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसले. तिनं पाणी प्यायचं आणि त्यानं बाटली भरून आणायची. तिसऱ्यांदा बाटली आणली तेव्हा तो उभाच राहिला.

"तिळगूळ द्यायला आलीच नव्हतीस तू. कशाला आलतीस?"

खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं. "वर्षाराणीला बघायला."

"माझ्यावर संशय घेतलास?"

"न्हाई वो. संशय न्हाई." तिनं बाटलीचं झाकण उघडलं, लावलं. "परत आलं असंल तर शिवीला कोण, म्हणून. बाई कशी हाय ते बघावं म्हणलं. पोरीला संभाळील का. तुमच्या पोटाला वेळेवर करून घालील का. मी आपली... डोळ्यांनी बघून ठेवावं म्हणलं."

अजिनाथच्या हातातली पिशवी खाली पडली. तो वळला आणि तरातरा फाटकाकडं चालत गेला. रस्त्यापर्यंत गेला. तिला वाटलं, आता जातो. तो चहाच्या गाड्याशी थांबला, तिथं काही न घेता नुसता उभा राहिला. मग परत आला. डोळे लाल झाले होते.

"माझी सोय लावायला निघालीस," तो म्हणाला. आवाज फुटत होता. "मला इचारलंस का? एक डाव तरी? मला काय पाहिजे ते?"

"तुमी तरी कुठं इचारता?" मंजुषा एकदम म्हणाली. तीन वर्षं दाबून ठेवलेलं वर आलं. "हात सुजला का, जेवलीस का. बास. तुमी लांब निजता. मी म्हणलं, ह्यांच्या लेखी मी मेलेच, नुसतं दिवस घालायचं ऱ्हायलंय."

तो तिच्या शेजारी खाली बसला.

"मला भ्या वाटतं," शेवटी तो म्हणाला, जमिनीकडं बघत. "हात लावला आन गाठ लागली तर. मागच्या टायमाला... मला कळलं न्हाई ना. एवढ्या जवळ निजायचो मी, तरी कळलं न्हाई. आता माझ्या हाताला लागली तर मी काय करू, सांग. म्हणून लांब."

हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. तो तिच्या सपाट बाजूकडं बघत नाही, म्हणजे त्याला ती नकोशी झालीय, असंच ती धरून चालली होती. तिनं त्याचा हात घेतला. तोडीनं चिरलेला, राठ. आजूबाजूला माणसं होती, पोरं होती, कुणाचा नातेवाईक डबा खात होता. तिनं पदराच्या आत नेऊन तो हात डाव्या बाजूला, जिथं आता नुसत्या फासळ्या होत्या, तिथं ठेवला.

"बगा," ती म्हणाली. "काय हाय का?"

त्यानं हात तसाच ठेवला. "तुझं काळीज लई धडधडतंय."

"मंग? भ्या काय तुमालाच वाटतं?"

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी फोटो उजेडासमोर धरला. अजिनाथ खुर्चीवर न बसता उभाच होता.

"हाडांत काही नाही," त्या म्हणाल्या. "नीट ऐकलंत ना? काही नाही. घरी घागरी कोण आणतं?"

अजिनाथनं तिच्याकडं बघितलं.

"मीच," ती हळूच म्हणाली. "ह्ये नसल्यावर. डावा हात जपायचा म्हणून उजव्या कमरेवर."

"सगळा भार एका अंगाला. स्नायू ओढले गेलेत, मणकाही जरा दुखावलाय. व्यायाम शिकवतील, ते करायचे. पण दुखलं तेव्हा आली असतीस तर मला जास्त आवडलं असतं." मग त्या खुर्चीला टेकल्या. "तीन वर्षं होतायत ना तुझी? वाईट काळ बराचसा मागं पडला. आता दर तीन महिन्यांनी यायचं कारण नाही. सहा महिन्यांनी ये."

"मंग आता येणार न्हाई ना परत?" अजिनाथनं विचारलं.

"असं मी कुणालाच सांगत नाही. कमी झालंय, आणखी कमी होत जाईल. पाच वर्षांनंतरही वर्षातून एकदा मला तोंड दाखवायचं."

"आन ऊस?" मंजुषानं विचारलं. तो प्रश्न आपल्या तोंडून जाईल असं तिलाही वाटलं नव्हतं. "ऊस तोडायला जाऊ का मी?"

डॉक्टरबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी तिच्या डाव्या हाताकडं बघितलं आणि मान हलवली. "पाचटानं कापलं, जखम चिघळली तर हा हात कायमचा जाईल. डोक्यावर भार नाही. ते आता नाही, मंजुषा."

तिनं मान डोलावली. हे तिला ठाऊक होतंच. तरी जिन्यावरून उतरताना ती मधेच कठड्याला धरून थांबली. आजार नाही म्हणून आनंद झाला होता, खूप झाला होता, आणि त्या आनंदाच्या पोटातच काहीतरी तुटल्यासारखं दुखत होतं. आता कधीच नाही. त्याच्या पाठीमागून वाकून चालणं आता नाही.

बीडच्या स्टँडवर तो म्हणाला, "वडवणीच्या गाडीत बसवून देतो तुला."

"न्हाई," मंजुषा म्हणाली. "मला कोपीत न्या. दोन दिवस. शिवीला आत्या हायत."

तो तिला घेऊन माजलगावच्या गाडीकडं वळला.

ते दोन दिवस कोपीत गेले. कोपी एवढीशी की अंथरूण लांब घालायला जागाच नव्हती, पण असती तरी त्यानं घातलं नसतं. पहाटे सगळे उठले तेव्हा तीही उठली. गार वारा कॅनॉलवरून येत होता. अजिनाथनं कोयता घेतला, वर्षाराणीनं डोक्याला फडकं बांधलं, आणि टोळी अंधुक उजेडात फडाकडं निघाली. मंजुषा कोपीच्या तोंडाशी उभी राहिली. पाय आपोआप दोन पावलं पुढं गेले आणि थांबले.

मग तिनं चूल पेटवली. अजिनाथच्या भाकरी थापल्या, आणि वर्षाराणीच्याही. ऊन वर आल्यावर गाठोडं घेऊन बांधावर गेली. वर्षाराणी मोळी बांधत होती. मंजुषा तिच्याशेजारी खाली बसली. "असं न्हाई गं. आधी वाढ्याला पीळ दे. आता गुडघा टेकव वर. आता आवळ." वर्षाराणीनं आवळलं. मोळी घट्ट बसली. पुढं तोडत असलेला अजिनाथ थांबला, वळला आणि दोघींकडं बघत उभा राहिला. मंजुषानं त्याच्याकडं बघायचं टाळलं. तिला रडू येत होतं आणि ते त्या पोरीसमोर यायला नको होतं.

शिवकन्येची चाचणी परीक्षा जवळ आली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी मंजुषा निघाली. अजिनाथ फाट्यापर्यंत पोचवायला आला. ऊस भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक कारखान्याकडं चालले होते.

"पाडव्याला येतो," तो म्हणाला. "त्याच्या आदी पट्टा पडला तर आदी."

"पुढच्या साली?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली बघू."

"मी बी येईन," मंजुषा म्हणाली. "तोडायला न्हाई. दिवाळीच्या सुट्टीत शिवीला घेऊन. चूल तेवढी संभाळीन."

त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते त्यालाही कळलं नसावं. एसटी आली. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली. त्यानं खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि कंडक्टरनं दुसऱ्यांदा घंटी मारेपर्यंत काढला नाही. गाडी हलली तसा तो चार पावलं बरोबर चालला, मग मागं राहिला. ट्रॅक्टरच्या धुळीत त्याचा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसत होता. उतरावं, असं तिला इतकं वाटलं की तिनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"कुठं, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"वडवणी," मंजुषा म्हणाली.